साक्षीच्या पिंजऱ्यातील वैद्य : डॉ. भाऊ दाजी लाड

चोपड्याच्या धक्क्यावरून शापोरा नदीकडे पाठ करून आगरवाडा-मोरजीच्या वाटेने निघालेला वाटसरू थोड्याच वेळात मांद्रे गावात पोहोचतो. नारळी-पोफळीच्या छायेत समुद्राकाठी पहुडलेल्या, पेडणे महालातील या गावी १८२२ साली रामकृष्ण विठ्ठल लाड यांचा जन्म झाला. जुन्या चरित्रलेखांत गावाचे नाव मांजरे असेही छापलेले आढळते. वडिलांना दाजी म्हणत आणि मुलाला भाऊ. घरातल्या या दोन हाका एकत्र आल्या आणि सबंध हिंदुस्थानच्या विद्वज्जगताला परिचित झालेले भाऊ दाजी हे नाव सिद्ध झाले. १७८८ मध्ये पोर्तुगीज अमलाखाली गेलेल्या पेडण्यातून मुंबईस जाऊन नशीब काढणारी माणसे त्या काळी कमी नव्हती. परंतु मुंबईच्या सार्वजनिक जीवनाला वळण देणारा असा पेडणेकर दुसरा दाखवता येणार नाही.

प्राचीन शिलालेखांचे संशोधक, कुष्ठरोगावर औषध शोधणारे धन्वंतरी, दोनदा मुंबईचे शेरीफ झालेले नागरिक आणि भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाचे एक संस्थापक या नात्यांनी भाऊंचे स्मरण केले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र त्यांच्या चरित्रातील एक धागा या मोठ्या कर्तृत्वाखाली झाकला गेला आहे. स्त्रीवर होणारा अत्याचार हा केवळ दुष्ट माणसाचा अपराध नसतो. भोवतालची प्रतिष्ठित मंडळी सारे जाणून गप्प बसतात म्हणून तो चालतो. या मौनाशी भाऊंचा आयुष्यात दोनदा संबंध आला. पहिल्या वेळी ते विद्यार्थिदशेतून नुकतेच बाहेर पडत होते आणि प्रश्न दूरच्या काठेवाडातील होता. दुसऱ्या वेळी ते मुंबईतील नामांकित वैद्य होते आणि प्रश्न त्यांच्या स्वतःच्या रुग्णाचा होता.

लहानपणी भाऊ बुद्धिबळात तरबेज होते. त्यांचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने मुलाला इंग्रजी विद्या द्यावी असे वडिलांच्या मनावर बिंबवले, अशी हकीकत त्यांच्या बहुतेक चरित्रकारांनी दिली आहे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकून ते तेथेच शिक्षक झाले. याच सुमारास मुंबई सरकारने एक निबंधस्पर्धा जाहीर केली. विषय होता गुजरात-काठेवाडातील जाडेजा व इतर रजपूत घराण्यांत चालणारी बालिकाहत्या. भाऊंच्या इंग्रजी निबंधाला पारितोषिक मिळाले आणि १८४७ मध्ये तो छापून प्रसिद्ध झाला. लेखकाचे वय तेव्हा जेमतेम पंचवीस होते.

हा प्रश्न काय होता ते थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण त्याचे स्वरूप आजच्या वाचकालाही अपरिचित वाटू नये. जाडेजा ठाकूर आपल्या कुळाला इतके उच्च समजत की मुलगी द्यावी असे तोलामोलाचे घराणे त्यांना सापडत नसे. आणि सापडलेच तर हुंडा व लग्नखर्च यांनी घर धुऊन निघे. मुलगी अविवाहित राहिली तर कुळाला बट्टा, खालच्या घरी दिली तर त्याहून मोठा बट्टा. त्यातून निघालेला मार्ग म्हणजे जन्मताच मुलीला अफू चाटवणे अथवा दुधाच्या भांड्यात बुडवणे. गुजरातीत याला दूधपीती करणे असे लाडिक नाव होते. घरात झालेली ही हत्या घरातच जिरे. सुईण बोलत नसे, पुरोहित विचारत नसे, शेजारी सुतकही पाळत नसत.

काशीकडील रजपुतांत हीच चाल असल्याचे जोनाथन डंकन याने १७८९ मध्ये उघडकीस आणले होते आणि १७९५ मध्ये बंगाल सरकारने अशा हत्येला खून ठरवले होते. काठेवाडात कर्नल वॉकर याने १८०८ च्या सुमारास जाडेजा ठाकुरांकडून प्रथा सोडण्याचे करार लिहून घेतले. करार झाले आणि मुली मरतच राहिल्या. पुढे १८३४ मध्ये विलोबी या अधिकाऱ्याने गावोगावची जाडेजा मुले-मुली मोजण्याची व्यवस्था केली आणि संस्थानिकांकडून वसूल झालेल्या दंडाच्या निधीतून मुलींच्या लग्नासाठी साहाय्य दिले. शिक्षेची भीती, शिरगणती आणि लग्नखर्चाला हातभार असे हे तिहेरी उपाय होते. त्यांच्या जोडीला लोकांची मने वळवावीत म्हणून ही निबंधस्पर्धा होती. बालिकाहत्या-प्रतिबंधक कायदा व्हावयास १८७० साल उजाडले. म्हणजे भाऊंचा निबंध छापला गेल्यावर तेवीस वर्षे गेली.

हा निबंध भाऊंच्या जीवनातील पहिली सार्वजनिक कृती म्हणून महत्त्वाचा आहे. परंतु त्याची किंमत फुगवून सांगण्याचे कारण नाही. सरकारने विषय दिला होता, सरकारनेच बक्षीस दिले. काठेवाडच्या ठाकुरांविरुद्ध मुंबईत बसून लिहिणाऱ्या मराठी शिक्षकाला त्यात गमवावे लागणार असे काही नव्हते. खरी कसोटी यापुढे होती.

१८४५ मध्ये मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. भाऊ त्याच्या पहिल्या तुकडीत दाखल झाले आणि १८५१ मध्ये पदवीधर झाले. ही पहिली तुकडी अवघ्या आठ जणांची होती. पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून नाव मिळवलेले आत्माराम पांडुरंग तीत होते. शापोऱ्याच्या पलीकडल्या आसगावचे, वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले जुझे कामिलो लिस्बोआही होते. भाऊंनी धाकटे बंधू नारायण दाजी यांच्या साहाय्याने धर्मार्थ दवाखाना चालवला. गोरगरिबांना औषध फुकट मिळे. श्रीमंतांकडून मिळालेला पैसा संस्कृत हस्तलिखिते व जुनी नाणी यांच्यात जाई. हळूहळू मुंबईतील सर्व जातिधर्मांच्या घरांत त्यांचा प्रवेश झाला. भाटिया, बनिये, पारशी, प्रभू, सारस्वत या सर्वांच्या माजघरापर्यंत ज्याला जाता येई असा परका पुरुष त्या काळी एकच, तो म्हणजे वैद्य. घराघरांतील दुःखे त्याला ठाऊक होत आणि ती पोटात ठेवणे हा त्याचा धर्म समजला जाई.

वैद्यकीच्या जोडीने त्यांची सार्वजनिक कामे चालू होती. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते एक चिटणीस होते. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ मध्ये काढलेल्या साहित्य व विज्ञान सभेचे ते पुढे अध्यक्ष झाले. या सभेने १८४९ पासून मराठी व गुजराती मुलींच्या शाळा चालवल्या. आरंभी शिक्षकच मिळेनात, तेव्हा सभेचे सभासदच वेळ काढून शिकवीत. जागेचा प्रश्न नाना शंकरशेटांसारख्यांनी सोडवला. मुलगी शिकली तर विधवा होते असे लोक बेलाशक म्हणत असत तो हा काळ. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी याच्या आदल्या वर्षी शाळा काढली होती. भाऊंच्या कार्याची आठवण म्हणून त्यांच्या मित्रांनी निधी जमवून त्यांच्या नावे मुलींची एक शाळा चालवली. त्यांच्या वाट्याला आलेल्या सन्मानांत हा सन्मान अधिक बोलका म्हणावा लागेल.

आता १८६२ च्या त्या खटल्याकडे वळावयाचे, ज्याला इतिहासात महाराज लायबल केस असे नाव पडले आहे.

मुंबईच्या भाटिया व बनिया समाजांत वल्लभ संप्रदायाचा मोठा प्रभाव होता. संप्रदायाच्या गाद्यांवरील आचार्यांना महाराज म्हणत. वल्लभाचार्यांची पुष्टिभक्ती, सूरदासादी कवींची पदे, मंदिरांतील सेवेचे सौंदर्य हा भारतीय भक्तिपरंपरेचा अमोल ठेवा आहे, याविषयी दुमत नाही. वाद होता तो मुंबईतील त्या काळच्या काही महाराजांच्या वर्तनाविषयी. तन, मन आणि धन गुरुचरणी अर्पण करावे या शिकवणुकीचा अर्थ त्यांनी आपल्या सोयीने लावला असून भक्तांच्या घरच्या लेकीसुना त्यांच्या वासनेला बळी पडत आहेत, असा आरोप होता. घरातले पुरुष हे जाणत. काही जण श्रद्धेने मान खाली घालीत, काही जण ज्ञातीच्या धाकाने. १८५९ मध्ये तर महाराजांना न्यायालयात खेचणाऱ्यास ज्ञातीबाहेर टाकण्याची हमी देणाऱ्या लेखावर अनुयायांच्या सह्या घेण्यात आल्या. या लेखाला सुधारकांनी गुलामीखत म्हटले.

हे नाव देणारे करसनदास मुळजी स्वतः वैष्णव, कपोळ बनिया ज्ञातीचे. विधवाविवाहावर निबंध लिहिला एवढ्यासाठी तरुणपणी त्यांना मावशीचे घर सोडावे लागले होते. त्यांचे सत्यप्रकाश हे गुजराती पत्र १८५५ पासून निघत होते. २१ ऑक्टोबर १८६० च्या अंकात त्यांनी लेख लिहून महाराजांच्या अनाचारावर कोरडे ओढले आणि सुरतेहून मुंबईस आलेले जदुनाथजी व्रजरत्नजी महाराज यांचे नाव घेऊन जाब विचारला. जदुनाथजींनी १८६१ च्या मे महिन्यात मुंबईच्या सुप्रीम कोर्टात अब्रुनुकसानीचा दावा लावला व पन्नास हजार रुपये भरपाई मागितली.

यानंतर ज्ञातीची यंत्रणा हलली. भाटिया महाजनांनी बैठक भरवून ठरवले की ज्ञातीतील कोणीही महाराजांविरुद्ध साक्ष देऊ नये. देईल तो बहिष्कृत. करसनदासांनी या मंडळींवर साक्षीदारांना अडवण्याचा कट केल्याची फिर्याद केली आणि पुढाऱ्यांना दंड झाला. या उपकथेकडे इतिहासकारांचे लक्ष कमी जाते. वस्तुतः सगळ्या प्रकरणाची नाडी तिच्यातच आहे. ज्या घरांतील स्त्रियांवर प्रसंग ओढवला होता त्याच घरांतील पुरुषांनी बोलू नये यासाठी त्याच घरांतील वडीलधारी माणसे ठराव करीत होती.

मुख्य दाव्याची सुनावणी १८६२ च्या जानेवारीत सुरू होऊन मार्चपर्यंत चालली. न्यायासनावर मुख्य न्यायाधीश सर मॅथ्यू सॉस आणि सर जोसेफ आर्नोल्ड बसले होते. प्रतिवादीच्या बाजूने अँस्टी हे नाणावलेले बॅरिस्टर उभे होते. कोर्टाबाहेर गर्दी लोटे आणि वर्तमानपत्रे साक्षींचे वृत्तान्त रोज छापीत. जदुनाथजी स्वतः पिंजऱ्यात आले आणि आपले वर्तन निष्कलंक असल्याचे त्यांनी शपथेवर सांगितले. स्त्रीसंगाने जडणारा गुह्यरोग आपल्याला झाल्याचेही त्यांनी नाकारले.

नेमकी हीच गोष्ट भाऊ दाजींना ठाऊक होती. जदुनाथजींवर त्यांनी औषधोपचार केले होते. त्यांचे समव्यवसायी डॉ. धीरजराम दलपतराम हेही त्या उपचारांत होते. दोघांनाही साक्षीसाठी पाचारण झाले. भाऊ पिंजऱ्यात उभे राहिले आणि वादीला उपदंश झाला होता, असे त्यांनी सांगितले. धीरजरामांनीही तेच सांगितले.

आज हे वाचताना क्षणभर थबकावे लागते. रुग्णाचे गुपित वैद्याने फोडावे काय? हा प्रश्न त्या वेळीही उपस्थित झाला असणार आणि तो खोटा नाही. आजारी माणूस वैद्यापुढे विवस्त्र होतो तो विश्वासावर. तो विश्वास गेला तर वैद्यकीच बुडाली. इंग्रजी कायद्याचे उत्तर मात्र तोपर्यंत ठरून गेले होते. १७७६ मध्ये डचेस ऑफ किंग्स्टन हिच्या खटल्यात न्यायासनापुढे वैद्याला मौनाचा अधिकार नाही असा निर्णय झाला होता. बोलावणे आले म्हणजे भाऊंना यावेच लागले असते. परंतु येणे आणि सांगणे यांत अंतर असते. आठवत नाही, नक्की सांगता येत नाही, लक्षणे दुसऱ्याही रोगाची असू शकतात, अशा शेकडो पळवाटा तज्ज्ञ साक्षीदाराला खुल्या असतात आणि प्रतिष्ठित माणसे त्या वाटांनी नित्य जात-येत असतात. भाऊंचे उत्पन्न व्यापारी घराण्यांच्या विश्वासावर उभे होते, त्यांच्या सार्वजनिक कार्याला वर्गणी देणारे शेठ त्याच समाजांतील होते. त्यांनी पळवाट धरली नाही.

आणखी एक बाजू आहे. एका पारड्यात एका पुरुषाचे गुपित होते. दुसऱ्या पारड्यात ज्यांची नावे कोणत्याही कागदावर येणार नव्हती अशा स्त्रियांचे शरीर आणि आरोग्य होते. उपदंश हा रोग एका माणसापाशी थांबत नाही. तो पत्नीला होतो, गर्भाला होतो. शिवाय ज्या रुग्णाने शपथेवर तो रोग नाकारून दुसऱ्याला खोटे पाडू पाहिले, त्याच्यासाठी मौन पाळणे म्हणजे त्याच्या असत्याला हातभार लावणे ठरले असते. भाऊंचा निर्णय योग्यच होता, असे म्हणण्यास हरकत नसावी. आजचा कायदा तर याहून पुढे गेला आहे. अल्पवयीन मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या कायद्याने ते पोलिसांना कळवणे प्रत्येकाला बंधनकारक झाले आणि त्यातून डॉक्टरही वगळलेला नाही. बलात्कारपीडितेवर रुग्णालयाने विनामूल्य उपचार करावेत व पोलिसांना त्वरित कळवावे, असा दंडक २०१३ मध्ये आला. १८६२ मध्ये असे काहीच नव्हते. वैद्याला विचारण्यापुरती त्याची स्वतःची सदसद्विवेकबुद्धी होती.

२२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. तांत्रिक मुद्द्यावर वादीला पाच रुपये नाममात्र भरपाई मिळाली. लेखातील आरोप खरे आहेत या मुख्य मुद्द्यावर करसनदास जिंकले आणि त्यांना सुमारे साडेअकरा हजार रुपये खर्च मिळाला. वाद धर्मशास्त्राचा नसून नीतीचा आहे आणि धर्माचे नाव घेतल्याने अनीती शुद्ध होत नाही, अशी भूमिका न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी घेतली. दोघा डॉक्टरांची साक्ष न्यायालयाने विश्वसनीय मानली. थोड्याच महिन्यांत सुप्रीम कोर्ट जाऊन हायकोर्ट आले आणि या खटल्याचे नाव नव्या न्यायालयाच्या पूर्वपीठिकेत कायम राहिले.

या विजयालाही मर्यादा होती, हे सांगितले पाहिजे. खटला दोन पुरुषांमधला आणि दावा अब्रूचा, तोही एका पुरुषाच्या अब्रूचा. जे सोसले ते स्त्रियांनी आणि त्याविषयी न्यायालयात जे बोलले ते संपादक, वैद्य, व्यापारी, पाद्री. अत्याचार करणाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून हा दावा नव्हताच. त्या स्त्रिया घरी परतल्या की कोठे, त्यांना कोणी आधार दिला की बोल लावला, याची नोंद न्यायालयाच्या दप्तरात असण्याचे कारण नव्हते. पीडित स्त्रीने स्वतः उभे राहून न्याय मागावा अशी परिस्थिती येण्यास आणखी बराच काळ लागला. मुंबईच्याच न्यायालयात १८८४ पासून चाललेल्या दाव्यात रखमाबाईंनी, बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे जाण्यास नकार दिला, तेव्हा प्रथमच एका मराठी स्त्रीचा स्वर या नगरीने एवढा स्पष्ट ऐकला. भाऊ तेव्हा हयात नव्हते. आणि खुद्द गोमंतकात, देवळांच्या आश्रयाने चालणाऱ्या भाविणींच्या प्रथेविरुद्ध त्याच समाजातून राजाराम पैंगीणकरांसारखा माणूस उठावयास विसावे शतक यावे लागले.

खटल्यानंतर भाऊंचा बराच काळ प्राच्यविद्येत गेला. जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना त्यांनी मुंबईस आणवले, लेण्यांतून व डोंगरांतून शिलालेखांचे ठसे घेवविले. गिरनारच्या पायथ्याशी असलेला रुद्रदामनाचा लेख, अजिंठ्याचे लेख, कालिदासाचा व आर्यभटाचा काळ यांविषयीचे त्यांचे निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे वाचले गेले. ज्या काठेवाडातील मुलींच्या हत्येवर त्यांनी तरुणपणी लिहिले, त्याच काठेवाडातील दगडांवर त्यांच्या प्रौढ वयातील विद्वत्ता उभी राहिली, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे. कुष्ठरोगावरील औषधाचे प्रयोगही याच काळातले. गावातून व घरातून हाकलून दिलेल्या रुग्णांना ते स्वतः तपासत.

१८६५ मध्ये मुंबईतील शेअरबाजार कोसळला. हजारो घरे बसली. त्यात भाऊंची शिल्लकही गेली. तरी लोकांच्या मनातील स्थान ढळले नाही. १८६९ आणि १८७१ अशी दोन वर्षे ते मुंबईचे शेरीफ होते. ज्या व्यापारी पेठेला त्यांची साक्ष झोंबली होती तिच्याच शहराने त्यांना हा मान दिला. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयासाठी नाना शंकरशेट व भाऊ यांनी वर्गणी जमवली होती. ते १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तोपर्यंत भाऊंची प्रकृती ढासळली होती. अर्धांगाने त्यांना अंथरुणाला खिळवले आणि ३१ मे १८७४ रोजी वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे संशोधनपर लेख १८८८ मध्ये कलकत्त्याहून ग्रंथरूपाने निघाले.

भायखळ्याच्या संग्रहालयाला १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. मांद्र्याहून मुंबईस जाणारी पेडणे महालातील माणसे राणीची बाग पाहावयास जातात, तेव्हा प्रवेशद्वारावरील नाव वाचून, हा आपल्या गावचा माणूस, असे मुलांना सांगतात.